जावाच्या शांत गावातली स्वस्त जमीन: किमतीत काय काय धरलेले असते

इंडोनेशियातल्या जावा बेटावर भातखाचरांना लागून असलेले सागवानी लाकडाचे जुने घर, अंगणात नारळ आणि आंबा, मागे डोंगर आणि शून्ये पुन्हा मोजून पाहावीत इतकी कमी किंमत, असे चित्र दाखवणाऱ्या चित्रफिती आणि जाहिराती आता मराठी प्रेक्षकांपर्यंतही पोहोचतात. खुद्द इंडोनेशियात मात्र २ फेब्रुवारी २०२६ या तारखेची चर्चा झाली, कारण गावोगावच्या जुन्या जमीनकागदांना पुरावा म्हणून दिलेली मुदत त्या दिवसापर्यंतची होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे. जावाच्या खेड्यातली जमीन स्वस्त दिसते तेव्हा कागदाचा कच्चेपणा, शेतीवरची बंधने, वारसांची संख्या, पाण्याची टंचाई आणि गाव सोडून गेलेली तरुण पिढी हे सगळे त्या किमतीत आधीच धरलेले असते. ते एकेक करून सुटे करून पाहू. उदाहरणासाठी मध्य जावा प्रांतातला वोनोगिरी जिल्हा घेतला आहे. तो पर्यटकांच्या वाटेवरचा नसल्यामुळे तिथले गणित पुष्कळसे उघड दिसते.

दाटीच्या बेटावर शांतता कुठून आली?

२०२० च्या जनगणनेनुसार जावावर १५ कोटी १६ लाख लोक राहतात, म्हणजे देशाची ५६ टक्के लोकसंख्या, आणि बेटाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी आहे. एवढ्या दाटीत एखादे गाव शांत असेल, तर तिथली माणसे कुठे गेली हे आधी विचारले पाहिजे. वोनोगिरीच्या दक्षिणेकडचा प्राचिमांतोरो, पारांगुपितो हा पट्टा चुनखडीचा आहे. पाऊस पडतो, पण पाणी खडकाच्या भेगांतून खाली निघून जाते, त्यामुळे कोरड्या महिन्यांत तळी आटतात आणि टँकरचे पाणी विकत घ्यावे लागते. भातापेक्षा कसावाचे कंद इथे अधिक भरवशाचे. सोलून कापलेले त्यांचे पांढरे तुकडे अंगणात, रस्त्याच्या कडेला, कधी घराच्या कौलांवरही वाळत घातलेले असतात. त्यांच्या पिठाचा तिवुल हा एके काळी भाताच्या जागी रोज खाल्ला जाणारा पदार्थ होता.

अशा जमिनीवर भागत नसल्यामुळे इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जकार्ता गाठत आली आहेत. राजधानीत बाक्सोची, म्हणजे मांसाच्या गोळ्यांच्या रश्शाची गाडी लावणारा किंवा पाठीवर बाटल्यांची टोपली बांधून जामू हा वनस्पतींचा काढा विकत हिंडणारी बाई वोनोगिरीची निघणे अगदी नेहमीचे आहे. १९८१ मध्ये उद्घाटन झालेल्या गाजाह मुंगकुर धरणासाठी तर गावेच्या गावे उठवून पश्चिम सुमात्रातल्या सितिउंग भागात वसवण्यात आली. शहरात गेलेले लोक पैसे पाठवतात, त्या पैशांतून फरशीचे आणि जाडजूड खांबांचे घर उभे राहते, आणि ते घर बहुधा वर्षभर कुलूपबंद राहून रमजान ईदच्या सुट्टीत उघडते.

या बंद घरांवरून पुष्कळांचा असा समज होतो की मालक ती विकायला टेकलेले असतील. प्रत्यक्षात हा मालक म्हातारपणी परतण्यासाठीच घर बांधतो आणि त्याला विकण्याची निकड नसते. रस्त्यालगतचा, पाण्याजवळचा आणि कागद साफ असलेला तुकडा भावकीतच राहतो किंवा शेजारी घेतो. जाहिरातीपर्यंत पोहोचतो तो बहुतेक वेळा उरलेला तुकडा, आणि तो का उरला याचे उत्तर पुढच्या मुद्द्यांत आहे.

मालकी म्हणजे नेमका कोणता हक्क?

डच राजवटीत युरोपीय कायद्याखालची जमीन आणि स्थानिक रूढीखालची जमीन असे दोन वेगळे संसार होते. २४ सप्टेंबर १९६० रोजी आलेल्या मूलभूत भूमी कायद्याने, म्हणजे १९६० च्या कायदा क्रमांक ५ ने, ते एकत्र आणले आणि हक्कांची एक उतरंड ठरवली. खेड्याच्या संदर्भात त्यातले तीन हक्क पुरेसे आहेत. पहिला ‘हाक मिलिक’, म्हणजे पूर्ण मालकी. याला मुदत नाही, तो वारसाने पुढे जातो आणि व्यक्ती म्हणून तो फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळतो. दुसरा ‘हाक गुना बांगुनान’, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता बांधकामाचा हक्क, जो नागरिकांना आणि इंडोनेशियात नोंदवलेल्या कंपन्यांना मिळतो. तिसरा ‘हाक पाकाई’, म्हणजे वापराचा हक्क, आणि परदेशी व्यक्तीची धाव इथपर्यंतच आहे. पुढे यांना मालकी, बांधकाम हक्क आणि वापर हक्क एवढेच म्हणू.

हे हक्क राष्ट्रीय भूमी कार्यालयाने दिलेल्या प्रमाणपत्रावर नोंदलेले असतात, पण गावातल्या कितीतरी जमिनींना असे प्रमाणपत्र कधी मिळालेलेच नव्हते. २०१७ पासून सरकारने गावेच्या गावे मोजून प्रमाणपत्रे वाटण्याची मोठी मोहीम चालवली आहे आणि त्यामुळे चित्र बरेच सुधारले आहे. तरीही जिथे नोंदणी राहून गेली, तिथे मालकीचा आधार म्हणजे ग्रामकार्यालयात ठेवलेली ‘लेटर सी’ नावाची जाडजूड वही. तिच्या एकेका पानावर करदात्याचे नाव, तुकड्याचा क्रमांक, जमिनीचा वर्ग आणि क्षेत्र लिहिलेले असते. विक्री किंवा वाटणी झाली की जुन्या नावावर रेघ मारून शेजारी नवे नाव आणि तारीख लिहितात. पाने पिवळी पडलेली, शाई उडालेली आणि काही खाडाखोड कोणाच्या हातची हे सांगणारा माणूस आता हयात नाही, असेही आढळते.

मराठी वाचकाला ही वही समजायला सातबारा पुरतो. सातबारा हा मुळात महसुलाचा अभिलेख आहे. त्यावर नाव असणे हा महत्त्वाचा आधार असला, तरी निव्वळ त्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, हे आपल्याकडच्या न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे. जावातली वही आणि तिच्यावरून दिले जाणारे उतारे यांचा जन्मही कर गोळा करण्यासाठीच झाला. फरक असा की सातबारा आपल्याकडे अजूनही व्यवहाराच्या केंद्रस्थानी आहे, तर इंडोनेशियाने २०२१ च्या शासकीय नियम क्रमांक १८ ने या जुन्या कागदांची पाच वर्षांत नोंदणी करणे बंधनकारक केले. मुदतीनंतर ते कागद हक्काचा पुरावा ठरत नाहीत, नोंदणी करताना केवळ दिशा दाखवणारी माहिती म्हणून वापरता येतात.

यावरून जमिनी सरकारजमा होणार अशी अफवा बरीच फिरली. नियमात तसे नाही. जो खरोखर जमीन कसतो किंवा तिच्यावर राहतो, त्याचा नोंदणीचा मार्ग पुढेही उघडा आहे. मात्र त्याला आता वहीच्या उताऱ्यावर विसंबता येत नाही, तर ताबा, शेजाऱ्यांची साक्ष आणि जमिनीचा इतिहास उभा करावा लागतो. खरेदीदाराच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: ‘लेटर सी’वर विकायला काढलेला तुकडा प्रमाणपत्र असलेल्या तुकड्यापेक्षा स्वस्त असतो, आणि तो फरक म्हणजे पुरावा उभा करण्याचे काम आणि जोखीम विकणाऱ्याकडून घेणाऱ्याच्या गळ्यात पडल्याचा मोबदला आहे. घरपट्टी-जमीनपट्टीची पावती दाखवून ‘सगळे साफ आहे’ म्हणणाऱ्याचे तर मुळीच ऐकू नये. कर कोणीही भरू शकतो.

नकाशावरचा रंग

समजा प्रमाणपत्र आहे. तरी पुढचा प्रश्न उरतो: जमीन कोणत्या प्रकारची? खेड्यात घराभोवतीची बागायत-अंगणाची जागा, कोरडवाहू शेत आणि पाण्याखालचे भातखाचर असे तीन ढोबळ प्रकार आहेत. जिल्ह्याच्या नियोजन नकाशात वस्तीची जागा पिवळी आणि शेतीची हिरवी दाखवतात, त्यामुळे दलालसुद्धा ‘पिवळी’ की ‘हिरवी’ असेच बोलतात. जाहिरातीत जे खाचर सर्वांत सुंदर दिसते, ते जवळजवळ नेहमी हिरव्यात असते आणि तिथे घर बांधता येत नाही. अन्नधान्याची शेती टिकवण्यासाठी २००९ च्या कायदा क्रमांक ४१ ने संरक्षित शेतजमिनीची व्यवस्था आणली. २०२१ च्या अखेरीस आठ प्रांतांतल्या भातखाचरांचा संरक्षित नकाशाही निश्चित झाला आणि त्यात जकार्ता वगळता जावातले सगळे प्रांत आहेत. त्या नकाशात आलेला तुकडा बिगरशेती करून घेणे हे केंद्रीय मंत्रालयापर्यंत जाणारे प्रकरण होते.

शेतजमिनीला आणखी दोन मर्यादा आहेत. १९६० च्या कमाल धारणा नियमांनुसार अतिदाट वस्तीच्या प्रदेशात एका कुटुंबाला पाच हेक्टरपेक्षा जास्त भातखाचर ठेवता येत नाही. जावातल्या सामान्य शेतकऱ्याकडे अर्धा हेक्टरही नसतो, त्यामुळे ही मर्यादा त्याच्या लेखी नसल्यातच जमा. दुसरी मर्यादा अधिक बोचते. १९६१ च्या नियमानुसार शेतजमिनीचा मालक ज्या तालुक्यात जमीन आहे तिथेच, किंवा जिथून ती व्यवस्थित कसता येईल अशा लगतच्या तालुक्यात राहणारा असला पाहिजे. महाराष्ट्रात कुळकायद्याचे कलम ६३ विचारते की तुम्ही शेतकरी आहात का. जावात विचारले जाते की तुम्ही राहता कुठे. जकार्तात नोकरी करणाऱ्या इंडोनेशियन माणसालाही हा नियम लागू आहे. अंमल ढिला आहे आणि गावचा पत्ता ओळखपत्रावर लावून पळवाट काढणारे पुष्कळ आहेत, हेही खरे. पण ज्या व्यवहाराचा पायाच पळवाटेवर आहे, त्याची किंमत साफ व्यवहाराइतकी येणार नाही, हे ओघाने आले.

भाऊबंदकी तिथेही आहे

जावातल्या जमिनी वडिलोपार्जित आणि तुकडे लहान. रूढीप्रमाणे मुलाला दोन आणि मुलीला एक वाटा, किंवा सगळ्यांना सारखा, अशा दोन्ही पद्धती चालतात. इस्लामी वारसाहक्क आणि घरातली समजूत यांच्यातून प्रत्येक कुटुंब आपली वाट काढते. आजोबांच्या नावावरची जमीन गावात राहिलेला नातू विकायला निघतो, तेव्हा जकार्ता, सुमात्रा, हाँगकाँग अशा ठिकाणी विखुरलेल्या सर्व वारसांची सही लागते. एक जरी राहिला, तरी व्यवहार वादात अडकू शकतो. शिवाय जमीन गहाण पडलेली नाही ना, हे विचारावे. पैसे घेऊन जमीन दुसऱ्याला कसायला देण्याची जुनी पद्धत अजून चालते, आणि १९६० च्या त्याच धारणा नियमांत असे आहे की असे गहाण सात वर्षे चालले की घेणाऱ्याने कोणताही मोबदला न मागता जमीन परत करायची. सात वर्षांच्या पिकांतून त्याचा पैसा वसूल झाला, असे कायदा मानतो. शेतकऱ्याच्या बाजूने इतके स्पष्ट बोलणारे कलम क्वचितच वाचायला मिळते.

भारतीय माणसाला काय घेता येते?

भारतातून पैसे पाठवण्याचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत निवासी व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. अडचण पलीकडच्या टोकाला आहे. परदेशी व्यक्तीला मालकी मिळत नाही. देशात येण्या-राहण्याची वैध कागदपत्रे असतील तर वापर हक्कावरचे घर घेता येते आणि त्याची मुदत पहिली ३० वर्षे, वाढीव २० आणि नूतनीकरणाची ३० अशी आहे. मात्र अशा घरासाठी सरकारने प्रांतवार किमान किंमत ठरवून दिली आहे आणि ती अब्जावधी रुपियांच्या घरात जाते. एक भारतीय रुपया म्हणजे ढोबळमानाने पावणेदोनशे ते दोनशे रुपिया, हे धरले तर स्वस्त गावठी घर या उंबरठ्याच्या कितीतरी खाली राहते. थोडक्यात, जे घर स्वस्त म्हणून आवडले तेच स्वस्त असल्यामुळे परदेशी माणसाला घेता येत नाही. कंपनी काढून बांधकाम हक्क घेण्याचा मार्ग आहे, पण परदेशी भांडवलाच्या कंपनीला साधारणपणे दहा अब्ज रुपियांहून अधिक, म्हणजे पाच कोटी भारतीय रुपयांहून जास्त गुंतवणूक दाखवावी लागते.

‘पण कितीतरी परदेशी लोकांनी घेतली आहे ना?’

घेतली आहे, आणि बहुतेकांनी ती स्थानिक माणसाच्या नावावर घेतली आहे. या पद्धतीला तिथे ‘पिंजाम नामा’, म्हणजे उसने नाव म्हणतात: प्रमाणपत्र स्थानिकाच्या नावावर, पैसा परदेशी माणसाचा, आणि दोघांमध्ये कर्जपत्र, मुखत्यारपत्र, दीर्घ भाडेकरार अशा कागदांची चळत. १९६० च्या कायद्याचे कलम २६ सांगते की परदेशी व्यक्तीकडे प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे मालकी जावी या हेतूने केलेला व्यवहार रद्दबातल आहे, जमीन राज्याकडे जाते आणि दिलेला पैसा परत मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या परिपत्रकानेही पैसा कोणाचाही असो, प्रमाणपत्रावर ज्याचे नाव तोच मालक, अशी भूमिका घेतली. नाव देणारा माणूस प्रामाणिक असला, तरी त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांशी गाठ आहे.

लग्नाने प्रश्न सुटतो, असेही सांगितले जाते. १९७४ च्या विवाह कायद्यानुसार लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता दोघांची सामाईक होते, त्यामुळे परदेशी जोडीदार असलेल्या इंडोनेशियन नागरिकाचीच मालकी अडचणीत येते. त्यावर उपाय म्हणजे मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार. पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागे. घटना न्यायालयाच्या २०१६ मध्ये जाहीर झालेल्या निकालाने लग्नानंतरही तो करण्याची मुभा दिली. अशा करारात जमीन पूर्णपणे इंडोनेशियन जोडीदाराची राहते, हे मनापासून मान्य असेल तरच हा मार्ग धरावा.

राहण्याचा खर्च आणि शेजाऱ्यांचा हिशेब

मध्य जावाचे किमान मासिक वेतन २०२५ साली २१,६९,३४९ रुपिया, म्हणजे अकरा-बारा हजार भारतीय रुपये होते. एवढ्यात इथली कुटुंबे राहतात, म्हणून बाहेरच्याला जगणे स्वस्त वाटते. भाजी, अंडी, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), केळी खरोखर स्वस्त आहेत. पण गावातले लोक एवढ्यात भागवू शकतात याचे एक कारण शेजारी आहेत, आणि शेजाऱ्यांचे देणे पैशात कमी आणि वेळेत जास्त फेडावे लागते.

प्रत्येक गल्ली काही डझन घरांच्या शेजारगटात बांधलेली असते. दुसऱ्या महायुद्धात जपानी अमलात सुरू झालेली ही रचना आजही प्रशासनाची सर्वांत खालची पायरी आहे. बाहेरून आलेल्या पाहुण्याची चोवीस तासांत वर्दी द्यावी, अशी पाटी गल्लीच्या तोंडाशी असते. रात्री पाळीने गस्त असते. गस्तवाले फिरताना प्रत्येक घराच्या दारात टांगलेल्या छोट्या डब्यातून मूठभर तांदूळ किंवा पाचशे रुपियांचे नाणे गोळा करतात, वहीत खूण करतात, आणि त्या निधीतून कोणाच्या आजारपणाला, कोणाच्या मयतीला मदत होते. ज्याच्या घराचा डबा रिकामा त्याची नोंद कोणी मोठ्याने वाचत नाही, पण ती सगळ्यांना ठाऊक असते. लग्नाच्या महिन्यांत पाकिटे द्यावी लागतात, आणि कोणी किती दिले हे लिहून ठेवून तेवढेच परत करण्याची रीत आहे. तुटपुंज्या मिळकतीच्या घराला हा खर्च चांगलाच जाणवतो. बायकांनी शेजारच्या कार्याला स्वयंपाकात हात लावायचा, महिन्याच्या भिशीला हजर राहायचे. शांततेच्या शोधात आलेल्या माणसाला हे सगळे अनपेक्षित असते, कारण दूरून शांत दिसणारे गाव आतून बरेच गजबजलेले असते. पहाटेची अजान ध्वनिवर्धकावरून होते, हेही घर पाहतानाच ऐकून घ्यावे.

उपचारांसाठी तालुक्याला आरोग्य केंद्र असते, पण हृदयविकारासारख्या दुखण्याला वोनोगिरीच्या दक्षिण टोकापासून सोलो शहर गाठावे लागते आणि रस्ता डोंगराचा आहे. पाणी हा तर तिथल्या घराच्या किमतीचा सर्वांत मोठा घटक मानला पाहिजे. विहिरीला ऑक्टोबरात पाणी आहे का, याचे उत्तर फेब्रुवारीत घर पाहून मिळत नाही.

भाव वाढेल का?

काही ठिकाणी नक्की वाढला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये जकार्ता ते सुराबाया द्रुतगती मार्ग जोडला गेला आणि त्याच्या चढ-उताराच्या फाट्यांजवळचे भाव बदलले. योग्यकार्ताचा नवा विमानतळ २०२० मध्ये पूर्णपणे सुरू झाल्यावर कुलोन प्रोगो जिल्ह्यातही तेच झाले. पण मार्ग कुठून जाणार हे कळेपर्यंत भाव आधीच वाढलेला असतो, आणि नेमक्या मार्गावरची जमीन बाजारभावाने विकली जात नाही, ती २०१२ च्या भूसंपादन कायद्याखाली जाते.

भरपाई हाती आल्यावर काय होते याचे उदाहरण पूर्व जावातल्या तुबान जिल्ह्यात आहे. सुमुरगेनेंग गावच्या लोकांना तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी जमिनीचा मोठा मोबदला मिळाला आणि २०२१ च्या सुरुवातीला गावात एकामागोमाग नव्या मोटारी उतरवल्या जात असल्याची दृश्ये देशभर गाजली. वर्षभराने त्याच गावातल्या काहींनी, नोकऱ्यांचे आश्वासन पाळले गेले नाही आणि जमीनही गेली, म्हणून निदर्शने केली.

उत्तर किनाऱ्यावर उलटे घडते आहे. देमाक जिल्ह्यातल्या बेदोनो आणि तिंबुलस्लोको या गावांत जमीन खचते, समुद्र आत येतो, आणि एके काळच्या भातखाचरांवर आता भरतीचे पाणी असते. कायद्यात नष्ट झालेली जमीन अशी संकल्पना आहे: भूखंड पाण्याखाली जाऊन ओळखता येईनासा झाला, तर त्यावरची पूर्ण मालकीदेखील संपते. दक्षिणेकडच्या डोंगराळ वोनोगिरीला हा धोका नाही. तिथे भाव न वाढण्याचे कारण एवढेच की घेणारी पिढी जकार्तात आहे.

मग भाड्याने?

माझ्या मते बाहेरच्या माणसासाठी हाच शहाणपणाचा मार्ग आहे. गावात घर वर्षाच्या हिशेबाने आणि आगाऊ पैसे देऊन भाड्याने मिळते, आणि वैध निवास परवाना असलेल्या परदेशी माणसाला असा करार करण्यास कायद्याची आडकाठी नाही. करार घरमालकाशी करण्याआधी त्याच्या नावाचे प्रमाणपत्र भूमी कार्यालयात पडताळावे, वारस किती आहेत हे ग्रामकार्यालयात विचारावे आणि शेजारगटाच्या प्रमुखाला करारावर साक्षीदार करावे. मुदत अशी ठरवावी की तिच्यात एक संपूर्ण कोरडा हंगाम आणि एक ईद येईल: पहिल्यात पाण्याचा खरा खर्च कळतो, दुसरीत घराचे सगळे वारस एकदाचे गावात भेटतात.